किती वर्षांची शाई

आई, प्रिंटर म्हणजे काय हे तुला आधी सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा पेडण्यात कोणाच्या घरी साधा कॉम्प्युटरही नव्हता. पाव विकणाऱ्या पोदेराच्या टोपलीएवढी एक पेटी असते. पडद्यावर दिसणारा फोटो वायरीतून तिच्यात जातो, आत एक डबी कागदावरून डावी-उजवीकडे सरकत राहते आणि पुढच्या फटीतून फोटो बाहेर येतो, रंगीत आणि किंचित ओला. लाल, निळा, पिवळा हे तीन रंग आणि काळा, एवढ्यावर सगळं भागतं. साडी, आंब्याची पानं, माणसाची कातडी, सगळं त्यातूनच. तुझ्या मेजावर बाटल्यांची रांग असायची, त्यामुळे तुला हे पटलं नसतं. माझ्या यंत्रातून पहिल्या दिवशी आलेला फोटो बघून तू म्हणाली असतीस, "हेका कावीळ जाल्या." आणि ते खरंच होतं.

प्रिंटर घेऊन आता दोन वर्षं होत आली. घेण्याआधी मात्र मी कितीतरी दिवस कुठला घ्यावा या विचारात अडकले होते, आणि तेव्हा मला फक्त तुझ्याशी बोलायचं होतं.

आपल्या स्वयंपाकघरात जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, तुझं मेज होतं. बाबांचा स्टुडिओ बाजारात, पण रंगाचं काम घरी. सकाळची पेज झाली, भांडी घासून झाली की तू मेज पुसतेस, वर जुनं वर्तमानपत्र पसरतेस आणि बाबांनी आदल्या संध्याकाळी आणलेले काळे-पांढरे फोटो मांडतेस. काडीला गुंडाळलेला कापूस रंगात बुडवायचा, बोटावर टिपायचा, मग गालावर. आधी पिवळा, त्यावर लाल, निळा फक्त हनुवटीखालच्या सावलीत. हे तू मला शिकवलं नाहीस. दारात उभी राहून बघत बघत मला ते आलं. फोटोच्या मागे बाबा पेन्सिलीने लिहून आणायचे, साडी तांबडी, काठ पिवळा, मुलाचा सदरा निळा. कधी गिऱ्हाइकाला विचारायचं विसरायचे, मग तू मनाने रंग द्यायचीस. सुकलं की मागे स्टुडिओचा शिक्का बसायचा, त्यावर बाबांचं नाव. पेडण्याच्या त्या फोटोवाल्याचे रंग उडत नाहीत असं लोक म्हणायचे. तू मात्र बाजारात जायचीस ती चवथीच्या आधी एकदा, गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं घ्यायला.

सातवीत असताना एका दुपारी तू विहिरीवर गेली होतीस आणि मी मेजाशी बसले. एका नवऱ्या मुलीचा फोटो होता. मी तिचा शालू रंगवला, काठाची वेलबुट्टीसुद्धा. तू येईपर्यंत बाबा जेवायला आले होते. त्यांनी फोटो जनेलाशी धरून बघितला. "बरें केलां गो चेडवान," ते तुला म्हणाले. "आता हिकाय बसय तुज्याबरोबर. अर्धें काम हलकें जातलें." तू त्यांचं पान वाढलंस. ते गेल्यावर तू कापूस पाण्यात बुडवलास आणि तो शालू पुसून काढलास, काठापासून पदरापर्यंत, माझ्यासमोर. मी रडायला लागले तेव्हा म्हणालीस, "वायट जाल्ला म्हणून पुसूंक ना. घरात बसून जाता तसलें काम शिकूं नाका. तसलें काम मनशाक घरातच बसयता."

घरी बसून होणारं काम माणसाला घरातच बसवतं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी तुझ्या वस्तूंना हात लावला म्हणून तू रागावलीस.

मग गावोगाव भाषेवरून वाद पेटले. मराठी का कोंकणी, हेच सगळीकडे. बसगाड्या बंद असायच्या, रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली असायची, बाबा बाजारातून घसा बसवून घरी यायचे. तू कापूस टिपत म्हणालीस, "ह्या फोटोंतली मनशां खंयचे भाशेंत बोलतात, तें कोण सांगतलो?" बाबाही हसले होते. गोवा राज्य झालं त्या सुमाराला रंगीत रोल सगळीकडे आले होते, बाबा ते धुवायला म्हापशाला पाठवू लागले आणि काळा-पांढरा फोटो मागणारं कोणी उरलं नाही. भांडी झाल्यावर तू सवयीने मेज पुसायचीस, आणि मग त्या पुसलेल्या मेजाशी तशीच बसून राहायचीस. मी तेव्हा म्हापशाच्या कॉलेजात जात होते. पहिल्या दिवशी तू मला एक तपकिरी पर्स दिली होतीस, बाबांना न सांगता मागवलेली. "रोज भायर पडपी बायलेक पर्स जाय," एवढंच म्हणालीस. तू स्वतः कधी पर्स वापरली नाहीस. पैसे पदराच्या गाठीत ठेवायचीस.

माझं लग्न तू बघितलं नाहीस. मला मुळगावला दिलं. सासूबाईंना सगळे मांय म्हणतात, मीही. त्या मूळच्या इब्रामपूरच्या, म्हणजे आपल्याच तालुक्यातल्या, आणि बघायला आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्टुडिओबद्दल विचारलं. माहेरी आलेल्या असताना त्यांनी पेडण्याला जाऊन फोटो काढला होता, मांडीवर माझा नवरा, तीन-चार वर्षांचा. तो फोटो इथे ट्रंकेत आहे. बाबा बहुतेक रंग विचारायला विसरले असावेत, कारण लुगडं तू हिरवं केलंस. "म्हजें लुगडें तांबडें आसलें," मांय दर वेळी तो फोटो काढला की म्हणायच्या, आणि हसायच्या. भली बाई. मला मूल झालं नाही, त्यावरून त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

डिचोलीच्या बाजारात कॉम्प्युटरवर पत्रिका आणि हँडबिलं करून देणारं एक दुकान आहे. तिथे मी बारा वर्षं काम केलं. सकाळी डबा घेऊन बस पकडायची, संध्याकाळी भाजी घेऊन परत. तुझी पर्स फाटली, मी दुसरी घेतली, तीही फाटली. मग मांयचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ दोनदा पडू लागलं. मग दिवा लावून पुन्हा दिवा लावायला जाऊ लागल्या. एक दिवस दुकानात फोन आला की तुमची सासू तिठ्यावर बसली आहे. मी रिक्षा करून गेले. मांय रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, मांडीवर कपड्यांचं बोचकं, आणि खनिजाचे ट्रक त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावरून जात होते. केस, भुवया, लुगडं, सगळं तांबड्या धुळीने माखलेलं. "इब्रामपुरची बस केन्ना येतली गो?" त्यांनी मला विचारलं. मला ओळखलं नव्हतं.

त्यानंतर घरात कोणीतरी असणं भाग झालं. नवरा मुरगावच्या बंदरात कामाला. पहिल्या बसने जातो, दिवेलागणीला येतो. नणंद वाळपईला, तिला दोन मुलं. "तू तशी मोकळीच," ती म्हणाली, आणि तिने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. मी नोकरी सोडली. दाराला वर एक कडी बसवून घेतली, मांयचा हात पोचणार नाही अशी. पहिल्या दिवशी ती आतून लावली आणि मागे वळले, तेव्हा मांय कदेलीवर, त्यांच्या खुर्चीत, बसून माझ्याकडे बघत होत्या. दोघीही आतच होतो.

दुकानाच्या मालकांनीच प्रिंटरचं सुचवलं. "वैनी, जुना कॉम्प्युटर तुम्ही न्या. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फोटो, शाळेचे प्रोजेक्ट, एवढं घरून सहज होईल. रंगीत प्रिंटर तेवढा घ्या." मला तुझं बोलणं आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं.

एका रविवारी नणंदेला मांयजवळ बसवून आम्ही दोघं म्हापशाला गेलो. दुकानदार बेळगावकडचा, बोलका. त्याने दोन यंत्रं पुढे ठेवली. एक स्वस्त, दुसऱ्याची किंमत दुपटीहून जास्त. "हेच घ्या की वैनी," तो स्वस्त यंत्रावर हात ठेवून म्हणाला. "घरात वापरायला एवढं भरपूर झालं बघा." मी शाईची डबी केवढ्याला पडते ते विचारलं. त्याने सांगितलं आणि माझा नवरा खोकला. चार डब्यांत अख्खं नवीन यंत्र आलं असतं. शिवाय त्या डबीत तिन्ही रंग एकत्र. एक रंग संपला की उरलेले दोन भरलेले असले तरी डबी फेकायची. पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी निळी. माझा निळा सगळ्यांत आधी संपणार हे मला तिथेच दिसत होतं. आणि यंत्राबरोबर मिळते ती पहिली डबी अर्धीच भरलेली असते, हेही त्याने विचारल्यावर कबूल केलं. महाग यंत्रात प्रत्येक रंगाची डबी वेगळी. जो संपेल तोच बदलायचा.

मी बरोबर मांयचा तो फोटो नेला होता. त्याला म्हटलं, हा स्कॅन करून दोन्हीवर छापून दाखवा. तो कुरकुरला, पण छापलं. स्वस्त यंत्रातून आलेल्या मांय तापातून उठल्यासारख्या दिसत होत्या. दुसऱ्यातून तुझा रंग बराचसा जसाच्या तसा आला, हनुवटीखालची निळी सावलीसुद्धा.

"किती वर्षं वापरणार त्यावर आहे बघा," दुकानदार म्हणाला. "वर्षभराचं काम असेल तर हे स्वस्तच परवडतं. चार-पाच वर्षं चालवायचं असेल तर महागातलं घ्या, शाईत पैसे वसूल होतात. तुम्हाला किती दिवस लागणार?"

साधा प्रश्न होता. मी नवऱ्याकडे बघितलं आणि तो काउंटरवरच्या काचेखालच्या वस्तू बघू लागला. आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

बसमध्ये तो अस्नोड्याचा पूल गेल्यावर म्हणाला, "तू परत दुकानात कामाक वतली मगे? मागीर इतलें म्हारग कित्याक?"

"केन्ना वतलें?" मी विचारलं.

कधी जाणार, यावर तो जनेलाबाहेर बघत राहिला. तो वाईट माणूस नाही, आई. रोज घरी आल्यावर स्वतः मांयचे पाय धुतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर एकच होतं, आणि ते त्याच्या आईबद्दलचं होतं. स्वस्त यंत्र घ्यायचं म्हणजे हे सगळं वर्षभरात आटपेल असं धरून चालायचं. महाग घ्यायचं म्हणजे पुढची पाच वर्षं मी त्या कडीच्या आत आहे हे आज दुकानात उभं राहून मान्य करायचं. शाईचा हिशेब करायला बसलं की तो तिथेच येऊन थांबायचा. चपात्या लाटताना, मांयचे केस विंचरताना, मी मनात एका फोटोला किती शाई हे मांडायचे, गुणायचे, आणि शेवटी किती महिने हे लिहायचं आलं की पुसून टाकायचे.

त्याच आठवड्यात मांयना डॉक्टरांकडे नेलं. मी शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं, पुढे कसं असतं. त्यांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली. "शरीर एकदम धडधाकट आहे. ह्या आजारात माणसं पुष्कळ वर्षं काढतात," ते म्हणाले आणि मला धीर दिल्यासारखे हसले. मी थँक्यू म्हटलं. बाहेर बाकावर मांयच्या पायांत चपला घातल्या, डावी उजवीत, आणि काढून पुन्हा घातल्या.

एका संध्याकाळी मांय ट्रंक उपसत होत्या. हल्ली त्यांना हिरवं लुगडं हवं असतं. फोटोत आहे म्हणजे ते होतंच, आणि कोणीतरी चोरलं, असं त्यांना वाटतं. तांबडं आता त्यांना आठवत नाही. त्यांना शांत करायला मी दुकानात छापलेला तो नवा फोटो हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग मी कोण ते आठवायचा प्रयत्न करत असाव्यात तशा माझ्याकडे बघत राहिल्या, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "तू घरा वच गो बाये. काळोख जाता. तुजी आवय वाट पळयत आसतली."

"वतां हां," मी म्हटलं, तू घरी वाट बघतच असल्यासारखं. दुसरं काय म्हणणार? मग स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी दिली, आणि तिच्या ठसक्यावर ढकलता येईल तेवढं रडून घेतलं.

नवरा आल्यावर त्याला सांगितलं, महागातलंच घेऊया. "शायेंत पैशे वसूल जातले," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.  पुढच्या शनिवारी तो यंत्र मांडीवर घेऊन बसमधून आला, ड्रायव्हरला गचके देऊ नको म्हणून सांगत.

मी ते पुढच्या खोलीत ठेवलं, रस्त्याकडच्या जनेलाशी. ट्रकांची धूळ आत जाते म्हणून त्याला जुन्या चादरीचा झगा शिवला. पहिले काही दिवस सगळ्यांना कावीळ झालेली होती. मग मी पिवळा थोडा उतरवायला शिकले, लाल चढवायला शिकले. माणसं येऊ लागली. फॉर्मसाठी फोटो, बारशाचे फोटो, गेलेल्या माणसांचे बाराव्याला ठेवायचे मोठे फोटो. दारावरच्या बोर्डावर मी माझं नाव लिहिलं आहे. तुझ्यासारखं कोणा दुसऱ्याच्या शिक्क्यामागे नाही, हे मला तुला मुद्दाम सांगायचं आहे. निळा खरोखरच सगळ्यांत आधी संपतो. नवरा म्हापशाहून नेमकी तेवढीच डबी आणतो आणि माझा हिशेब बरोबर निघाला म्हणून दर वेळी कौतुक करतो. मांय शेजारी कदेलीवर बसतात आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक फोटोला विचारतात, "हो कोणाचो?"

ह्या मे महिन्यात नणंद मुलांना घेऊन आली. "आठ दीस हांव आसां," ती म्हणाली. "तू वच गो खंय तरी. पेडण्या वच. वर्सां जालीं तूं भायर सरूंक ना." मला बरं वाटलं. बाबांचा स्टुडिओ आता भावाकडे आहे, मोबाइलचं दुकान झालंय. पण घर आहे, तुझं मेज आहे. मी बॅग भरली. नवी साडी नेसले. प्रिंटर आठवडाभर बंद ठेवला तर शाई सुकून तोटी तुंबते, म्हणून नणंदेला एकदिवसाआड एक पान कसं छापायचं ते दाखवलं, पुन्हा दाखवलं, तिसऱ्यांदा दाखवायला लागले तेव्हा ती म्हणाली, "कळ्ळें म्हाका. वच."

दारात चपला घालत होते तेव्हा गावातली एक बाई आली. तिच्या मुलीला मुलाखतीला जायचं होतं, फोटो आत्ताच हवे होते. नणंद म्हणाली, हांव दितां. पण मी बॅग खाली ठेवली. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. फोटो काढला, चेहरा उजळला, पार्श्वभूमी निळी केली, छापला, कापला. तेवढ्यात दुसरं कोणीतरी आलं. बस आमच्या दारावरून गेली. जनेलातून दिसली. मी म्हटलं, दुपारच्या बसने जाईन. दुपारी मांय जेवत नव्हत्या, नणंदेच्या हातून घेत नव्हत्या, म्हणून मी भरवलं. मग ऊन फार होतं. मग उद्या.

ते आठही दिवस मी घरीच होते, आई. कडी उघडी होती. नवरा जा म्हणत होता, नणंद जा म्हणत होती, मांयना तर मी असले काय नि नसले काय. मला कोणीच अडवलं नव्हतं. नणंद परत जाताना माझ्याकडे विचित्र बघत होती. "तुका वचपाचेंच नासलें," ती म्हणाली. मी म्हटलं, काम होतं ना.

तेव्हापासून तुझं ते वाक्य माझ्या मागे लागलं आहे. तू पुसलेला शालू मला बरोबर आठवतो, काठाची वेलबुट्टी कापसाखाली कशी फिसकटली तीही. पण तुझं ऐकून मी बाहेर गेले होते, बारा वर्षं रोज बस पकडली होती, तरी इथेच आले. मग तू चुकलीस का मी, हे ठरवायला मला जमत नाही. कधी वाटतं, तुला विचारावं की तूसुद्धा कधी अशी उघड्या दारातून परत आत आली होतीस का. चवथीच्या बाजारातून तू नेहमी लवकर परतायचीस. बाबा म्हणायचे, अजून थोडं फिर. तू म्हणायचीस, रंग सुकतील.

हे सगळं मी कॉम्प्युटरवर लिहिलं आहे, मांय कदेलीवर डुलक्या घेत असताना. छापलं तर तीन-चार पानं होतील. काळी शाई मी कालच नवी घातली आहे, भरपूर आहे. तरी छापणार नाही. नणंदेला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगणार नाही, पण तुला सांगते. त्या दिवशी बस निघून गेली ना, तेव्हा मी साडी बदलली, जुनी नेसले, यंत्राशी येऊन बसले, आणि मला बरं वाटलं.